यशवंतसागर आणि आपण

भूवेष्टित समुद्र म्हटले की भूगोलाच्या विद्यार्थ्याला कॅस्पियन आठवतो. चहूबाजूंनी जमीन, महासागराशी संबंध नाही. नद्या जे आणून ओततील ते मुकाट्याने पोटात घालायचे, असे हे समुद्र. त्यांतील अरल समुद्राची कहाणी करुण आहे. १९६० नंतर त्याला मिळणाऱ्या अमू दर्या व सिर दर्या या नद्यांचे पाणी कापसाच्या शेतीकडे वळविले गेले. समुद्र आटला, मुयनाक बंदरातील जहाजे वाळूत रुतली आणि कोळ्यांचा धंदा बुडाला.

याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. परंतु आपल्या खालच्या अंगालाही एक समुद्र आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला आपण यशवंतसागर म्हणतो. त्यात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. धरणाला दरवाजे असल्याने भूगोलाच्या व्याख्येत तो समुद्र ठरत नाही. पण नद्या आणतील ते पोटात घालणे त्याच्याही नशिबी आहे.

माझे आजोबा करमाळा तालुक्यातील भीमाकाठचे शेतकरी. त्यांची काळी जमीन या पाण्याखाली आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. तरीही धरण नको होते, असे मी म्हणणार नाही. या पाण्यावर सोलापूर जिल्ह्यात ऊस उभा राहिला, सोलापूर शहराची तहान भागते. भिगवणच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. भोई बांधवांची चूल मासळीवर पेटते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि म्हातारी माणसे ते पाहायला जातात.

मात्र या सागराची किंमत काठची माणसे अजून मोजीत आहेत. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा जीव गेले.

आता आपल्याकडे वळू. मी शनिवार पेठेत राहतो. ओंकारेश्वराजवळून वाहणारी मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनीत जाते. म्हणजे आपल्या मोरीतले पाणी यशवंतसागरात पोहोचते. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर जलपर्णी आणि शेवाळ माजते. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. याच धरणातून आषाढीला पंढरपुरासाठी पाणी सोडतात. ज्या चंद्रभागेत आपले आईवडील श्रद्धेने बुडी घेतात, तिच्यात आपण काय मिसळले आहे याचा विचार पुणेकर करतो काय?

आपण सांडपाणी सोडतो म्हणून तर उजनी भरते, असाही युक्तिवाद ऐकू येतो. पाहुण्याला उष्टे वाढून उपकार सांगण्यासारखेच हे झाले! खडकवासल्याचे स्वच्छ पाणी आपण पितो, तर ते शुद्ध करूनच पुढे देणे हे आपले ऋण आहे. नदीकाठाच्या सुशोभीकरणाची चर्चा शहरात पुष्कळ होते. माझ्या मते काठ सजविण्याआधी पाणी शुद्ध व्हावे.

अरलचे पाणी वरच्या लोकांनी पळविले. आपण आपल्या सागराचे पाणी नासवीत आहोत. दोन्हीकडे भोगणारा खालचाच. माझे गाव खाली आहे आणि माझे कॉलेज वर, म्हणून हे लिहिणे मला भाग आहे.