सत्तरीतली पाटी

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी साड्यांतल्या आज्यांचे फोटो गाजले. पण या बायका इतकी वर्षं शाळेबाहेर का राहिल्या, हे फारसं कुणी विचारलं नाही. १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता अभियानाचं लक्ष्य होतं १५ ते ३५ वयाचं. तेव्हा चाळिशीत असलेली बाई हिशेबाबाहेरच राहिली आणि २०१६ पर्यंत सत्तरीला टेकली. ‘आता शिकून कुठे नोकरी करणार?’ हा आक्षेपही त्याच हिशेबातला. पण बँकेच्या कागदावरची सही, औषधाच्या पाकिटावरची मुदत, एसटीची पाटी यांची गरज म्हातारपणी कमी होत नाही. आधी पोरांच्या शाळा सुधारा, हे म्हणणं रास्तच. मात्र शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात दोन तास आज्या बसल्याने पोरांचं काहीच अडत नाही.