बिडाचे पाइप बदलताना



पावसाळा सरला की जुन्या चाळींतून व इमारतींतून एकच तक्रार ऐकू येते. भिंतीला ओल आली, रंग सोलपटला, घरात कुबट वास सुटला. मग खालची बाई वरच्या बाईला म्हणते, "तुमच्या मोरीचं पाणी आमच्या घरात येतं." दोन घरांचे बोलणे बंद होते. पुष्कळदा दोष दोघींचाही नसतो. दोष असतो भिंतीला लागून गेलेल्या, चाळीस-पन्नास वर्षांच्या बिडाच्या पाइपचा.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते दणकट खरे, पण सांडपाणी आणि संडास धुण्याचे ॲसिड त्याला आतून खात जाते. बाहेरून रंग दिलेला पाइप ठणठणीत दिसतो. भिंतीकडच्या बाजूला मात्र ब्रश पोहोचत नाही. तिथे गंज चढतो आणि चीर पडते. जुने जोड ताग ठासून, वर शिसे ओतून केलेले असतात, तेही ढिले होतात. आत गंजाची खपली साचून पाइप अरुंद होतो आणि वरचेवर चोकअप होते. अशा पाइपवर सिमेंट थापणे म्हणजे पैसे गटारात टाकणे होय.

1969 पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतीत राहणाऱ्यांनी वर्गणी काढण्याआधी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे लेखी अर्ज करावा व पोच घ्यावी. बाकीच्यांनी सर्वांची सभा बोलवावी, तीन कोटेशन मागवावीत आणि ठराव लिहून ठेवावा.

पीव्हीसी पाइप घेताना त्यावर आय.एस. 13592 हा क्रमांक व आय.एस.आय. खूण पाहावी. यात दोन प्रकार असतात. 'टाइप ए' पावसाच्या पाण्यासाठी व हवेच्या पाइपसाठी. जाडसर 'टाइप बी' संडास-मोरीसाठी. कोटेशनमध्ये 'बी' लिहून जागेवर 'ए' लावला जात नाही ना, हे पाइपवरचा छाप वाचून तपासावे. आपली शाळकरी मुलेही हे काम करू शकतील.

काम चालू असताना चार गोष्टी पाहा. बिडाचा पाइप जड असतो. वरच्या भागाला आधार व क्लॅम्प दिल्याशिवाय मधला तुकडा कापू देऊ नका. संडासाच्या 110 मि.मी. आडव्या पाइपला 40 इंचाला 1 इंच उतार ठेवा. रबर रिंगच्या जोडात सुमारे 10 मि.मी. जागा सोडावी लागते, कारण उन्हाने प्लास्टिक वाढते. उभ्या पाइपचे गच्चीवरचे तोंड बुजवू नका, जाळी लावा. ते बंद केले तर नहाणी ट्रॅपमधले पाणी ओढले जाते आणि वास घरात येतो. भिंत बुजवण्याआधी प्रत्येक मजल्यावरून पाणी सोडून जोड पाहा. शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या.

आता हिशेबाचे. काढलेले बीड भंगारात वजनावर विकले जाते. ते सर्वांच्या मालकीचे आहे. दोन सभासदांसमक्ष वजन करून पावती घ्यावी, रक्कम दुरुस्तीच्या खात्यात जमा करावी आणि जमाखर्च जिन्यापाशी लावावा. विधवा, बेकार किंवा आजारी घराला वर्गणीचे हप्ते बांधून द्यावेत; त्यांना चारचौघांत नावे ठेवू नयेत.

शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. चेंबर तुंबले म्हणून कुणालाही आत उतरवू नका. 2013 च्या कायद्याने गटार व सेप्टिक टाकीची अशी धोकादायक सफाई करून घेणे गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा सोसायटीलाही लागू आहे. गटारातील मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली दहा लाख आणि 2023 साली तीस लाख रुपये भरपाई ठरवली. पण गेलेला माणूस कोणत्याही रकमेने परत येत नाही. तो माणूस बहुधा कोणत्या वस्तीतला असतो, हे आपल्याला कुणी सांगावयास नको. मशीन मागवा, उशीर झाला तरी चालेल.

येत्या रविवारी चारजणांनी मिळून आपल्या इमारतीचे पाइप तळापासून गच्चीपर्यंत पाहून घ्यावेत, ही विनंती.