मंचुरियन टाको आणि ‘आपलं’ खाणं

‘हे आपलं खाणं नाही’ असं ठासून सांगणाऱ्या लोकांशी मला एकदा नीट भांडायचंच होतं. समोरासमोर बोलायला गेलं की वय मध्ये येतं, नातं मध्ये येतं आणि मुद्दा राहूनच जातो. म्हणून इथे लिहितेय. आमच्या घरातली निम्मी मंडळी हा ब्लॉग वाचतात (आणि वाचल्याचं सांगत नाहीत, हेही मला ठाऊक आहे), तेव्हा निरोप पोचेलच. :-)

निमित्त झालं २०२५ च्या दिवाळीचं. मंगरूळपीरच्या घरी सगळे जमलो होतो. चिवडा-चकलीला तिसऱ्याच दिवशी कंटाळलेल्या पोरांनी चायनीजच्या गाडीवर जायचा हट्ट धरला, तर मी म्हटलं घरीच करू. मक्याच्या पिठाची उकड काढली (थंड पाण्यात मळलं तर दुमडताना तुटतं), तळहाताएवढ्या भाकऱ्या थापून भाजल्या आणि मऊ राहाव्यात म्हणून फडक्यात गुंडाळून ठेवल्या. सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवून तळल्या. मग लसूण, आलं, हिरवी मिरची, सोया सॉस आणि थोडं व्हिनेगर घालून मोठ्या आचेवर परतल्या. त्या भाकरीत भरायच्या, वरून कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि मोठीआईचा लाल मिरच्यांचा ठेचा. चिनी म्हणवणारं मंचुरियन, मेक्सिकोचा टाको आणि वऱ्हाडी ठेचा. नाकातून पाणी येईपर्यंत तिखट! पोरांनी फडशा पाडला.

मोठेबाबा म्हणाले, "भाकरीत हे काय भरून रायली बाई? हे आपलं खाणं हाय काय?" आणि त्यांनी त्यांचं नेहमीचं ताट मागितलं. ज्वारीची भाकरी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, टमाट्याची कोशिंबीर.

आता या ‘आपल्या’ ताटाकडे जरा बघू या. बटाटा आणि शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतले. टमाटा आणि मिरचीही त्याच खंडांतून आलेली, मिरची तर मेक्सिकोचीच मानतात. पोर्तुगीज १४९८ साली कालिकतला उतरले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला आणि त्यानंतर त्यांच्या जहाजांबरोबर या वस्तू इकडे आल्या. त्याआधी आपल्याकडे तिखटाला मिरी, पिंपळी आणि आलं होतं. मिरचीला तर आपण स्वतंत्र नावही दिलं नाही, मिरीवरूनच बनवलं. राहिली ज्वारी. ती मूळची आफ्रिकेची. तिला येऊन काही हजार वर्षं झाली, म्हणून ती घरची.

उपासाचं बोलायला नको, पण बोलतेच. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा, त्यातला दाण्याचा कूट तिकडचा, बटाटा तिकडचा, हिरवी मिरची तिकडची. एकादशीच्या खिचडीत जिरं, मीठ आणि तूप काढलं तर उरतं ते सगळं समुद्रापलीकडचं. ती देवाला चालते, आणि माझा टाको मोठेबाबांना चालत नाही!

मंचुरियनचीही गंमत बघा. ते चीनमध्ये कोणी करत नव्हतं. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केलं. त्यांनीच सांगितलेली हकीकत अशी, की आलं, लसूण, हिरवी मिरची आपल्या पद्धतीनं घेतली आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला. वर कॉर्नफ्लॉवर. म्हणजे सोया सॉस चीनचा, मिरची आणि मका मेक्सिकोचा, हात मुंबईच्या स्वयंपाक्याचा. चीन आणि मेक्सिको एका कढईत मी आणले नाहीत. ते आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच भेटले होते, मी फक्त त्यांना भाकरीत बसवलं.

दुसरी तक्रार उलट्या बाजूची. अमेरिकेतल्या एका भावानं फोटो पाहून लिहिलं, "ताई, हा काही खरा टाको नाही." अरे बाबा, मेक्सिकोतला सगळ्यात लोकप्रिय टाको, ‘अल पास्तोर’, तो लेबनॉनहून तिथे गेलेल्या लोकांच्या शवर्म्यातून निघाला. त्यातलं डुकराचं मांस स्पॅनिशांनी नेलं. वर घालतात ती कोथिंबीर, तो कांदा आणि ते लिंबू, हे आपल्या बाजूच्या जगातून तिकडे गेलं. त्यांची मिरची आपण घेतली, इकडची कोथिंबीर त्यांनी घेतली. तिकडे कोणी कोथिंबिरीला ‘ही आपली नाही’ म्हणून ताटाबाहेर काढत नाही.

आणि हे सगळं मंगरूळपीरच्या माणसांना मी सांगावं? हयात कलंदरांच्या दर्ग्यामुळे ज्या मंगरूळला ‘पीर’ चिकटला, ज्या गावात बिरबलनाथ महाराजांनाही लोक तेवढ्याच श्रद्धेनं मानतात, तिथे मिसळण्याचं कौतुक कोणाला असायचं कारण नाही.

एक आक्षेप मात्र मला शंभर टक्के मान्य आहे, तो लाल रंगाचा आणि घाणीचा. म्हापसा पालिकेनं २०२४ च्या सुरुवातीला कृत्रिम रंग आणि अस्वच्छतेचं कारण देऊन गाड्यांवरच्या गोबी मंचुरियनवर बंदी घातली. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटक सरकारनं त्यात कृत्रिम रंग वापरायला मनाई केली. रंगाला मनाई करणं मला जास्त पटतं. खराब रंग जिलबीतही खराबच असतो, तेव्हा ‘आपली’ जिलबी म्हणून तिला सूट देऊ नका. गाडीवाल्याला विचारा, तेल कितव्यांदा तापवलंय? हा प्रश्न त्याच्या पदार्थाच्या गावापेक्षा कितीतरी महत्त्वाचा.

तेलाचा विषय निघालाच आहे, तर ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

आपल्या वाशीम जिल्ह्यात खरिपाचं सगळ्यात मोठं पीक सोयाबीन. सोयाबीन मूळचं चीनचं. मोठेबाबांच्या तरुणपणी आपल्या वावरात कापूस आणि ज्वारी होती, मग सोयाबीन आलं आणि एका पिढीत घरचं झालं. पोरांच्या फिया, पोरींची लग्नं त्याच्यावर झाली. तेव्हा कोणी विचारलं नाही की हे आपलं पीक आहे का. म्हणजे वावरात चीन चालतो. त्याचीच वडी ताटात आली, की मात्र ती चिनी ठरते!

२०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. दिवाळीच्या तोंडावर बाजार समित्यांत त्याच्या बऱ्याच खाली माल गेला, आधीच्या हंगामातही ४,८९२ च्या हमीभावाची तीच गत होती. आपण पोतं विकून मोकळे होतो. तेल दुसरे काढतात, पेंडीच्या वड्या दुसरे करतात, सॉसची बाटली दुसरे भरतात, आणि ते सगळं आपण किराणा दुकानातून परत विकत आणतो. शिवाय देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. त्यातलं सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलचं. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं कच्च्या तेलाच्या आयातीवरचं मूळ शुल्क २० टक्क्यांवरून १० वर आणलं. आपल्या चकल्या बहुतेक त्याच तेलात तळल्या गेल्या असतील. त्या परकेपणाबद्दल ओसरीवर एक शब्द निघाला नाही.

मोठेबाबा, परक्या गोष्टींचा राग यायलाच हवा असेल तर तो इथे यावा. पोरांच्या ताटावर तो काढू नये. ती पोरं मेक्सिकोची नक्कल करत नव्हती. ज्या पिकावर त्यांचं घर चालतं, ते पीक त्यांनी पहिल्यांदा चवीनं, मागून मागून खाल्लं. उद्या त्यांच्यातल्याच एखाद्याला वाटलं, की पोतं विकण्यापेक्षा वडी, टोफू किंवा सॉस इथेच करून विकावा, तर त्याला ‘हे आपलं नाही’ म्हणून कोणी गप्प बसवू नये, एवढंच माझं मागणं आहे.

असो. मक्याच्या भाकरीची कृती वर दिलेलीच आहे. ज्यांच्याकडे मक्याचं पीठ नसेल त्यांनी ज्वारीच्या पिठाची उकड काढून करून पाहावं, मस्त होतात. आणि मोठेबाबा, तुमच्यासाठी पुढच्या खेपेला मिरच्या कमी घालीन. तिखटाची तक्रार मी ऐकून घेईन, बाकीची नाही.