विरजण का लागले नाही?

माझे वडील खाडीजवळच्या एका तबेल्यात म्हशींच्या धारा काढतात. म्हशीला दगडी झाली, म्हणजे कास सुजली, की तिला इंजेक्शन देतात आणि काही दिवस तिचे दूध गिऱ्हाइकाला घालत नाहीत. माझ्या लहानपणी त्यातले थोडे आमच्या घरी येई. आई रात्री विरजण लावी. सकाळी पाहावे तर दूध तसेच! ती बिचारी विरजणाला दोष देई. दुधात उतरलेले प्रतिजैविक दही लावणारे जंतूही मारते, हे मला कॉलेजात आल्यावर कळले.

आज प्रश्न पडतो तो वेगळाच. जे दूध घरी आले नाही, ते कोठे गेले? गटारात. शिवाय टेट्रासायक्लिनसारख्या औषधाचा बराच भाग शेणामुतातून जसाच्या तसा बाहेर पडतो. तबेला धुतला की तोही गटारात, आणि गटार ठाण्याच्या खाडीत. याच खाडीला २०२२ साली रामसर स्थळाचा मान मिळाला. तेथे रोहित पक्षी पाहायला आपण हौसेने जातो.

दुधातील औषधाच्या अंशाला कायद्याने मर्यादा आहे, कारण दूध आपण पितो. पण सांडपाण्याचे काय? औषध कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी २०२० साली अशा मर्यादांचा मसुदा निघाला; २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या गळाल्या. मग तबेल्याला कोण विचारतो? औषधाची मात्रा अपुरी पडली तर जंतू त्याला दाद देईनासे होतात, असा इशारा फ्लेमिंगने १९४५ सालीच नोबेल व्याख्यानात दिला होता. गटारात ती मात्रा अपुरीच असते.

कोणी म्हणेल, ही तपासणी महाग आहे. लिटरमागे अब्जांश ग्रॅम मोजणारी यंत्रे महाग आहेत, हे खरे. पण पहिली चाचणी साधी आहे. जंतू पेरलेल्या अगरच्या थाळीवर गाळलेल्या सांडपाण्यात भिजवलेली कागदाची चकती ठेवायची. भोवती जंतू न वाढता स्वच्छ कडे उमटले, तर तो नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा. फार विरळ अंश असा सापडणार नाही. पण निदान सुरुवात होईल. विज्ञान शाखेच्या मित्रांनी थाळी मांडावी, आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी नमुने आणू.

हा लेख लिहितो आहे हे ऐकून वडील म्हणाले, "मालक रागावेल रे." मी म्हटले, "मालकाला तरी आजवर कोणी विचारले होते?" ते गप्प राहिले. त्यांच्या हाताला आजही जखम आहे, आणि त्याच हातांनी ते रोज ते गटार साफ करतात.