जुन्या आवाजाची नवी पेटी

परवा ऐन गर्दीच्या वेळी माझा भाचा काउंटरवर आला आणि मुदत ठेवीची पावती पुढे सरकवून म्हणाला, "मामा, ही मोडायची आहे."

मुदतीपूर्वी ठेव मोडायला येणारी माणसे बहुधा तीनच कारणे सांगतात. लग्न, आजारपण किंवा गळकं छप्पर. भाच्याने चौथे सांगितले. "नवीन मॉडेलर आलाय."

ज्यांच्या घरात इलेक्ट्रिक गिटार नाही अशा सुखी वाचकांसाठी थोडा खुलासा. या गिटारीला स्वतःचा म्हणण्यासारखा आवाज नसतो. आवाज असतो तो तिच्या अँप्लिफायरला. नावाजलेले अँप्लिफायर जुन्या रेडिओसारखे व्हॉल्व्हचे. त्यातला फेंडरचा ट्विन रिव्हर्ब भरलेल्या गॅस सिलिंडरएवढा जड, आणि तो रंगात येतो तो शेजारी पोलिसांना बोलावतील इतक्या पट्टीत. म्हणून लोकांनी युक्ती काढली. त्या व्हॉल्व्हचं वागणं गणितात मांडायचं, ते गणित एका लहानशा संगणकात कोंबायचं आणि तो संगणक पायाशी ठेवून वाजवायचं. हाच तो मॉडेलर. आम्ही त्याला पेटी म्हणतो.

माझी पेटी १९९८ साली निघालेल्या पिढीतली आहे. नाव पॉड, रंग लाल, आकार राजम्याच्या दाण्यासारखा. गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवायचो तेव्हा, २००२ साली, एकाकडून जुनी घेतली. तिच्यात नऊ बँका आहेत आणि प्रत्येक बँकेत चार खाती. एवढ्या वर्षांत एकाही बँकेचं दुसरीत विलीनीकरण झालेलं नाही. भाच्याकडे आहे तो हेलिक्स, म्हणजे २०१५ ची पिढी. आणि आता त्याला हवी आहे ती २०२५ साली जाहीर झालेली.

ठेव माझ्या आईने ठेवलेली. भाच्याच्या दहावीच्या निकालाला. आई आता नाही, पण पावतीचं दोनदा नूतनीकरण झालं ते माझ्याच हातून. म्हणून मी ती पावती ड्रॉवरमध्ये टाकली आणि म्हटलं, "रविवारी घरी ये. आधी मला पटव."

पिढ्यापिढ्यांत फरकच नसतो असं मी म्हणत नाही. माझ्या पॉडमध्ये गिटार जोरात छेडली की सुराबरोबर डासाची भुणभुण येते, आणि हळू छेडली तरी ती पुरती शांत होत नाही. २००६ साली अ‍ॅक्स-एफएक्स आला, २०११ मध्ये केम्परने प्रोफायलर दाखवला. हा केम्पर तर खऱ्या अँप्लिफायरमध्ये ठरावीक आवाज सोडून, बाहेर काय येतं ते ऐकून, त्याची नक्कल उतरवून घेतो. तलाठ्याकडून सातबाऱ्याचा उतारा काढावा तसा. ही उडी खरी होती. तेव्हा कुणी ठेव मोडली असती तर मी निमूटपणे फॉर्म पुढे केला असता.

त्यानंतर मात्र मार्शलचा नियम लागू होतो. इथे गिटारवाल्यांना वाटेल की मी १९६२ साली लंडनमध्ये अँप्लिफायर करू लागलेल्या जिम मार्शलबद्दल बोलतोय. छे. मी बी.कॉम. आहे. माझा मार्शल आल्फ्रेड. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम. पहिला आंबा स्वर्ग, दुसरा आनंद, पाचव्याला पोट म्हणतं पुरे. पहिल्या वर्षाला हा नियम मी आलेखासकट पाठ केला आणि त्यानंतर वीस-बावीस वर्षांत पगारवाढीखेरीज कुठेच त्याचा उपयोग झाला नाही. आता झाला. कारण या सगळ्या पेट्यांच्या पोटात माणसं तीच बसली आहेत. १९५९ चा फेंडर बेसमन, व्हॉक्सचा एसी ३०, साठीच्या दशकातला मार्शल. आजोबा एकच, फोटोग्राफर तेवढे बदलले. पहिल्या फोटोत आजोबा ओळखू येत नव्हते, दुसऱ्यात मिशी दिसली, तिसऱ्यात सुरकुत्या. चौथ्या फोटोत मिशीतले केस मोजता येतात म्हणे. मोजायचे आहेत कुणाला?

रविवारी भाचा आला तो स्वतःची पेटी आणि मित्राकडून मागून आणलेली नवी पेटी घेऊन.

"मामा, हिचा प्रोसेसर बघ. एका वेळी कितीतरी जास्त ब्लॉक चालतात."

ब्लॉक म्हणजे साखळीतला एकेक इफेक्ट. मी विचारलं, "तू किती लावतोस?"

"पाच. कधीतरी सहा."

"आणि हेलिक्समध्ये जागा संपली, असं किती वेळा झालं?"

तो गप्प. दोन दोन अँप्लिफायर एकदम लावून त्यांवर भारी रिव्हर्ब चढवणाऱ्यांची जागा संपते, हे मला ठाऊक आहे. त्यांनी जरूर नवी घ्यावी. पण आमच्या भाच्याचं खातं किमान शिल्लकेवर चालतं आणि त्याला लॉकर हवाय चार कप्प्यांचा.

"लेटन्सी कमी आहे." लेटन्सी म्हणजे तार छेडल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर.

"कितीने?"

"असेल एखाद मिलिसेकंदाने."

एका मिलिसेकंदात आवाज हवेतून सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. मी म्हटलं, "मग खुर्ची फूटभर पुढे घे. फुकट होईल."

"मी हेडफोन लावतो, मामा."

"म्हणजे तू आधीच अँप्लिफायरला कान लावून बसलायस!"

मग परीक्षा ठेवली. दोन्ही पेट्यांवर तोच बेसमन, तीच धून, आणि परीक्षक म्हणून स्वयंपाकघरात आमची ही, पाठ फिरवून. पहिल्या फेरीत तिने नवी पेटी ताबडतोब ओळखली. "हा भरदार आहे." भाच्याची छाती फुगली. मला संशय आला. रोखपाल दोनदा मोजतो ती सवय. मोबाईलवर आवाज मोजायचं यंत्र उतरवून घेतलं आणि पाहिलं, तर नवी पेटी तीन डेसिबलने मोठी वाजत होती. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी हे मोजून ठेवलं आहे की, आवाज हळू असला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो. आवाज जरासा वाढवला की तीच गोष्ट भरदार वाटते. दुकानात, चित्रफितीत, मित्राच्या घरी जो नवा आवाज चांगला वाटतो त्यातला कितीसा नवा असतो आणि कितीसा नुसता मोठा, याचा ताळेबंद कुणी मांडत नाही.

आवाज सारखे केले. दुसऱ्या फेरीत हिने जुनी निवडली, तिसरीत नवी, चौथीत म्हणाली, "कुकरची शिट्टी झाली तेव्हा कोणती चालू होती? ती बरी होती."

मला खरा राग येतो तो 'पिढी' या शब्दाचा. पिढी बदलली म्हणजे जुनीने खुर्ची सोडायची असा त्यातला धाक. पण केम्परची पहिली पेटी पुढे कित्येक वर्षं तशीच राहिली. २०२३ मध्ये लिक्विड प्रोफायलिंग हा नवा प्रकार आला तो त्याच जुन्या पेटीत, विनामूल्य. हेलिक्सलाही वर्षानुवर्षं फुकट नवे इफेक्ट मिळत आले. पेटी संगणकच आहे म्हणता ना? मग माझ्या खात्याचा हिशेब ऐका. २०१७ पासून आयकर खात्याने संगणकावरचा घसारा ६० वरून ४० टक्क्यांवर आणला. दीड लाखाची पेटी त्या दराने तिसऱ्या वर्षाअखेर ३२,४०० ची राहते. तेवढ्याच वेळात आईची ठेव, काही न करता, ड्रॉवरमध्ये पडल्या पडल्या वाढते. आणि ठेव मोडली तर आमची बँक एक टक्का कापते तो वेगळाच.

भाच्याला म्हटलं, पैसे घालायचेच असतील तर आधी तो कानावरचा स्वस्त हेडफोन बदल. गणित कितीही उंची असलं तरी शेवटी ते त्या दोन बटणांएवढ्या पडद्यांतून बाहेर पडतं. हे त्याला पटलं असावं, कारण त्याने लगेच विषय बदलला.

"मग मामा, तू अजून पॉड का वापरतोस?"

इथे माझी अडचण झाली. खरं सांगायचं तर नव्या पेट्यांची एक गोष्ट मला मनापासून हवी आहे : पडदा. माझ्या पॉडवरचा आकडा आणि अक्षर मंचावरच्या अंधारात आता मला दिसत नाही. बँकेच्या गेल्या स्नेहसंमेलनात चष्मा खिशात राहिला, मी चुकीच्या बँकेत गेलो आणि भावगीताच्या अंतऱ्याला एकाएकी रणशिंग फुंकल्यासारखा आवाज निघाला. हेलिक्सचा रंगीत पडदा चष्म्याशिवाय वाचता येतो. मी तो जरा जास्तच वेळ बघत राहिलो.

"ठेव राहू दे," भाचा म्हणाला. "माझा हेलिक्स तू घे. वरचे मी पगारातून घालतो."

मी त्याला चाळीस टक्क्यांचा तक्ता दाखवला. तो म्हणाला, हा आयकर खात्याचा भाव झाला, बाजाराचा नव्हे. पावती अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि आम्ही सध्या पाच हजारांवर अडलो आहोत.