नोकरी आणि झोप

भोर-वेल्ह्याकडील कित्येक घरांतले तरुण नोकरीसाठीं पुण्यास जातात. नोकरी सुटली, मन खचलें, कीं एखादा मित्र मादक अळिंबीची वाट दाखवितो. तिच्यांतील सायलोसायबिन या द्रव्याचे खिन्नतेवर परदेशांत प्रयोग चालू आहेत, हें खरें. पण ते निवडक रुग्णांवर, वैद्यकीय देखरेखीखालीं. आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानें तें बाळगणें गुन्हा आहे. आणि तोरण्याच्या रानांत अळिंबी ओळखण्यांत चूक झाली, तर जिवावर बेततें.

म्हणून वडीलधाऱ्यांस आमची विनंती, कीं घरीं परतलेल्या मुलास ‘नोकरी लागली का?’ असें विचारण्यापूर्वीं ‘झोप लागते का?’ असें विचारावें. २०२२ सालीं सुरू झालेला ‘टेलि-मानस’ हा सरकारी दूरध्वनि (१४४१६) विनामूल्य आहेच. परंतु पहिला प्रश्न घरांतूनच यावयास हवा.