जनमत चाचण्यांचे आकडे आणि आजऱ्याचा मतदार

निवडणूक जवळ आली की दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आकड्यांचा पाऊस सुरू होतो. कोणत्या आघाडीला किती जागा, कोणत्या समाजाचा कौल कुणाकडे, मुख्यमंत्री म्हणून पहिली पसंती कोणाला, या प्रश्नांची उत्तरे मतदान होण्याआधीच दिली जातात आणि रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात त्यांवर हिरिरीने चर्चाही रंगते. हे आकडे कसे तयार होतात, आणि आजऱ्यासारख्या डोंगराळ तालुक्यातील मतदाराला, त्यातही संख्येने मूठभर असलेल्या आपल्या ख्रिस्ती समाजाला, त्यांत कितपत स्थान असते, याचा थोडा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम अलीकडचा अनुभव पाहू. लोकसभा निवडणुकीच्या अखेरच्या टप्प्याचे मतदान १ जून २०२४ रोजी संपले आणि त्याच संध्याकाळी जवळजवळ सर्व वाहिन्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक जागा देऊन टाकल्या. ४ जूनला प्रत्यक्षात २९३ जागा मिळाल्या. भारतीय जनता पक्ष २४० वर थांबला. हा खेळ केवळ करमणुकीचा नव्हता. ३ जूनला मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सुमारे २,५०० अंशांनी उसळला आणि दुसऱ्याच दिवशी सुमारे ४,४०० अंशांनी कोसळला. ज्या सामान्य माणसाने त्या एका दिवसाच्या उत्साहात पैसे गुंतवले, त्याला या चाचण्यांची किंमत रोख मोजावी लागली. वीस वर्षांपूर्वी, २००४ साली, हेच घडले होते. तेव्हाही सत्ताधारी आघाडी परत येणार असे चाचण्या सांगत होत्या आणि सरकार मात्र डॉ. मनमोहन सिंग यांचे आले.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत चूक उलट्या दिशेने झाली. बहुतेक चाचण्यांनी महायुतीला आघाडी दिली होती, काहींनी लढत अटीतटीची सांगितली होती. परंतु महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून २८८ पैकी २३० जागा मिळतील, असे कोणत्याही प्रमुख चाचणीने सांगितले नव्हते.

याचे एक कारण आपल्या जिल्ह्यातच पाहावयास मिळते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापूर मतदारसंघातून काँग्रेसचे शाहू छत्रपती सुमारे दीड लाखाच्या मताधिक्याने निवडून आले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत झालेल्या विधानसभा निवडणुकीत जिल्ह्यातील दहा जागांपैकी एकही महाविकास आघाडीच्या पदरात पडली नाही. मतदार तेच, गावे तीच. राधानगरीत प्रकाश आबिटकर आणि कागलमध्ये हसन मुश्रीफ विजयी झाले. आजरा तालुका या दोन मतदारसंघांत विभागला गेला आहे. उत्तूर परिसर कागलला जोडलेला आणि उरलेला मोठा भाग राधानगरीकडे. एकाच तालुक्यातील शेजारची दोन गावे वेगवेगळ्या आमदारांसाठी मतदान करतात आणि त्यांचे हिशेबही वेगळे असतात. राज्याची सरासरी काढणाऱ्याला हे कसे दिसावे?

शिवाय मतांची टक्केवारी आणि जागांची संख्या यांचे नाते सरळ नसते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांना जवळपास सारखीच, ४३ ते ४४ टक्के मते मिळाली. तरीही ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला आणि १७ महायुतीला गेल्या. म्हणजे चाचणी करणाऱ्याने मतांचा अंदाज अगदी अचूक बांधला, तरी जागा सांगताना त्याचे पाऊल घसरू शकते. पडद्यावर मात्र जागाच सांगितल्या जातात, कारण प्रेक्षकाला हवे असते तेच.

आता थोडे गणित. समजा एखाद्या संस्थेने राज्यभरात ५,००० मतदारांना प्रश्न विचारले. २८८ मतदारसंघांत ते समान वाटले तर एका मतदारसंघाच्या वाट्याला जेमतेम १७ माणसे येतात. राधानगरी मतदारसंघात तीन लाखांहून अधिक मतदार आहेत. त्यांतील १७ जण कुठले असतील? बहुधा मोठ्या रस्त्यालगतचे, दिवसा घरी सापडणारे, परक्या माणसाशी मोकळेपणाने बोलणारे. नोकरीधंद्यासाठी मुंबईला असलेले आणि मतदानाच्या आदल्या रात्री गाडी पकडून येणारे त्यांत असण्याचा संभव कमी. ‘आमच्या मालकांना विचारा’ असे सांगून आत जाणारी गृहिणीही त्यांत नाही. योग्य रीतीने निवडलेले ५,००० लोक संपूर्ण राज्याचा कल सांगण्यास पुरेसे असतात, हे मान्यच केले पाहिजे. संख्याशास्त्राप्रमाणे चूक दीड टक्क्याच्या आत राहते. अडचण येते ती त्याच ५,००० लोकांच्या बळावर लहान गटांविषयी बोलू लागल्यावर.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण एक टक्क्याहूनही किंचित कमी आहे. पाच हजारांच्या नमुन्यात ते ५० च्या आतच भरतात. इतक्या थोड्या लोकांवरून काढलेल्या टक्केवारीत १४ टक्क्यांची चूक इकडे किंवा तिकडे सहज संभवते. ‘इतके टक्के ख्रिस्ती मतदार अमुक पक्षासोबत’ असा आलेख दाखवला जातो, तेव्हा त्यामागे वसई, मुंबई आणि पुण्यातील काही घरे असण्याची शक्यता मोठी. आजऱ्यातील एकही घर नसण्याची शक्यता त्याहून मोठी. लोकसंख्येचा सुमारे चौथा हिस्सा ख्रिस्ती असलेल्या गोव्यात असे विधान काही आधाराने करता येते. आपल्याकडे ते करता येत नाही. तरी असा आकडा एकदा प्रसिद्ध झाला की तो संपूर्ण समाजाच्या कपाळी चिकटतो आणि उमेदवाराचे कार्यकर्ते त्याच नजरेने आपल्या दाराकडे पाहू लागतात.

चाचणीत कोण सापडले नाही, हा प्रश्न जगभर जुनाच आहे. अमेरिकेत १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रे पाठवली, २३ लाखांहून अधिक उत्तरे मिळवली आणि लँडन हे अध्यक्ष होणार असे जाहीर केले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकले! नावे घेतली होती दूरध्वनीच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदीतून. मंदीने गांजलेला मतदार त्या याद्यांत नव्हता. त्याच देशात पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरविण्यासाठी मतदारच आधी मतदान करतात. जानेवारी २००८ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील अशा प्राथमिक निवडणुकीत सर्व चाचण्या बराक ओबामा पुढे असल्याचे सांगत होत्या; जिंकल्या हिलरी क्लिंटन. दोन्ही उमेदवार एकाच पक्षाचे असल्याने पक्षनिष्ठेचा आधार मतदाराला नसतो, अनेकांचा निर्णय शेवटच्या दिवशी होतो आणि कोण घराबाहेर पडेल हेही आधी कळत नाही. म्हणूनच अशा निवडणुकांचा अंदाज बांधणे तज्ज्ञांनाही अवघड जाते.

आपल्या स्थानिक निवडणुका याच जातीच्या आहेत. कारखान्याचे पॅनेल असो वा नगरपंचायतीचा प्रभाग, पक्षापेक्षा भावकी, गल्ली आणि जुने उपकार अधिक बोलतात. २ डिसेंबर २०२५ रोजी आजरा नगरपंचायतीसह राज्यातील अनेक पालिकांचे मतदान झाले. काही ठिकाणचे मतदान २० डिसेंबरला गेल्याने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्वांची मोजणी २१ डिसेंबरला ठेवली आणि तोवर मतदानोत्तर चाचण्या प्रसिद्ध करण्यास मनाई केली. लोकसभा व विधानसभेसाठी अशी मनाई लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ अ मध्येच आहे. ती २०१० पासून लागू असून मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आजऱ्याच्या १७ प्रभागांची चाचणी घ्यायला कोणती वाहिनी येणार होती, हा भाग निराळा. चौकाचौकांतले अंदाज मात्र त्या १९ दिवसांत कोणाला रोखता आले नसते.

कायद्याचे लक्ष चाचण्यांवर आहे. आम्हांस अधिक काळजी दुसऱ्याच आकड्यांची वाटते. चाचणीत आपला समाज दिसत नाही, परंतु मतमोजणीत तो गरजेपेक्षा अधिक दिसतो. निकालानंतर ‘नमुना २०’ या तक्त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली हे प्रसिद्ध होते. ज्या केंद्रावर एखादी वाडी किंवा गल्लीच मतदान करते, तेथे कोणी कोणाला मत दिले याचा तर्क करायला कोणत्याही संस्थेची गरज उरत नाही. पाणी, रस्ता, दफनभूमीची भिंत असे काम घेऊन गेल्यावर ‘तुमच्या केंद्रावर आम्हांला किती पडली?’ असा प्रश्न ऐकावा लागला तर व्यक्तीचे मत गुप्त राहूनही वस्तीचे मत उघडे पडलेले असते.

मतपत्रिकांच्या काळात, मतदारांना धमकावले जाण्याची भीती असेल तेथे अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद नियमांत होती. मतदान यंत्रे आल्यावर ती निरुपयोगी ठरली. म्हणून निवडणूक आयोगाने २००८ साली ‘टोटलायझर’ या उपकरणाचा प्रस्ताव दिला. त्याने १४ यंत्रांची मते एकत्र मोजता येतात आणि कोणत्या केंद्राने काय केले हे झाकले जाते. विधी आयोगाने मार्च २०१५ मधील आपल्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने मात्र विरोध दर्शविला. केंद्रनिहाय आकड्यांमुळे उमेदवाराला आपण कुठे कमी पडलो ते कळते आणि तो तेथे अधिक काम करतो, असा युक्तिवाद या विरोधाच्या बाजूने केला जातो. तो सर्वस्वी खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या वस्तीत शंभर-दीडशे मते आहेत, तिच्याकडे उमेदवार अधिक काम करायला वळेल की पाठ फिरवील, हे आजऱ्याच्या कोणत्याही वाडीत विचारून पाहावे.